मातीत नाही लंगडत

दादाची कुत्री आमच्या घरी आली ती गणपती बसायच्या दोन दिवस आधी. मीच गाडी घेऊन पाचोडजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. वहिनींनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "भावजी, हिला घेऊन जा. मला बघवत नाय."

दादा माझा थोरला भाऊ. मी शहरात गारखेड्याला राहतो, वाळूजला एका कंपनीत क्वालिटी विभागात कामाला आहे. तो गावाकडे शेती बघायचा. जुलैच्या शेवटी, पाऊस जरा उघडला होता तेव्हा, तो मोटार चालू करायला विहिरीवर गेला. स्टार्टरची पेटी आतून ओली होती, शॉक बसला. शेजारच्या रानातल्या माणसाला तो दुपारी दिसला. ही कुत्री त्याच्यापासून दहा-बारा हातांवर, बांधावर बसून होती. जवळ गेली नव्हती आणि सोडूनही गेली नव्हती.

त्यानंतर रोज चार वाजले की ती उठायची, विहिरीकडे जायची आणि पेटीपासून तेवढ्याच अंतरावर जाऊन बसायची. दिवस मावळेपर्यंत बसून राहायची. वहिनींना घराच्या ओट्यावरून ती दिसायची. दीड महिना त्यांनी ते पाहिलं आणि मग मला फोन केला.

ती ग्रेहाउंड जातीची. आमच्याकडे लांबट तोंडाच्या, बरगड्या दिसणाऱ्या कुत्र्यांना सरसकट कारवान म्हणतात, पण ही कारवान नव्हे. दादाच्या ओळखीच्या एका माणसानं पंजाबातून एक जोडी आणली होती, तिच्या पिल्लांतली ही एक. पूर्वी लोक असली कुत्री सशांवर सोडायचे. कायद्यानं ते बंद झालं, निदान उघडपणे तरी. दादानं तिला कधी शिकारीवर नेली नाही. काढणी झाल्यावर मोकळ्या रानात तो तिला पळवायचा आणि स्वतः बांधावर उभा राहून बघायचा. तेवढाच त्याचा शौक.

आमच्या घरात सगळीकडे फरशी आहे. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत बसलो होतो. ती आतल्या खोलीतून बाहेर आली. टक, टक, टक, आणि मग काहीच नाही. पुन्हा टक, टक, टक, आणि एक रिकामी जागा. उजवा पुढचा पाय ती टेकवत नव्हती. टेकवलाच तर चटका बसल्यासारखा लगेच उचलत होती.

"ही तर लंगडते," बायको म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

मी नाही म्हणालो.

त्याच आठवड्यात घराजवळच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पाय वरपासून खालपर्यंत चाचपला, एक्स-रे काढला, उजेडासमोर धरून पाहिला. हाडाला काही नव्हतं. सांधे धरले असतील म्हणाले, वय होत आलंय. दहा दिवसांच्या गोळ्या लिहून देता देता त्यांनी विचारलं, "कधीपासून लंगडते?"

ते पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मी तिथूनच वहिनींना फोन लावला.

"कधीपासून म्हंजी?" वहिनी म्हणाल्या. "थंडी सरली तवापासून. ह्यांनी तुमाला व्हिडिओ पाठवले व्हते की."

"हो," मी म्हणालो. "बघतो."

फोन ठेवल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

मोबाइलमध्ये दादाचे मेसेज तसेच होते. ते मी वर वर सरकवत नेले. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत त्यानं मला चार व्हिडिओ पाठवले होते. माझ्या फोनमध्ये जागा नसते, त्यामुळे आलेली चित्रं आपोआप उतरत नाहीत; धूसर चौकोन दिसतो आणि त्यावर बाण. चारही चौकोन धूसर होते. पहिल्याखाली माझं उत्तर होतं, "बघतो." दुसऱ्याखाली, "बघतो दादा." तिसऱ्याखाली नुसता अंगठा. चौथ्याखाली माझं काहीच नव्हतं. त्याचंच होतं, "डॉक्टरला दाखव. घाई नाय."

त्या महिन्यांत कंपनीत ऑडिट होतं, हे खरं आहे. पण दीड मिनिटाचा व्हिडिओ बघायला वेळ नव्हता, हे खरं नाही. मला वाटलं होतं, कुत्रं आहे, पायात काटा मोडला असेल, निघेल. दादाचा फोन आला की पाऊस, कापूस, पोरांच्या परीक्षा एवढं बोलणं व्हायचं. व्हिडिओंबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचा त्याचा स्वभाव नव्हता.

शनिवारी सुट्टी होती. दुपारी सोफ्यावर बसून मी पहिला व्हिडिओ उघडला. गावातला नवा सिमेंटचा रस्ता. पुढे ती चाललेली आणि तिच्या मागे रस्त्यावर दादाची लांब सावली, हातात फोन धरलेली. चारही व्हिडिओंमध्ये तो स्वतः कुठंच नाही. सावली आहे, हात आहे, आवाज आहे.

"बघ," तो म्हणत होता, "इथं लंगडती. उजवा पाय. दिसलं का? आता इकडं ये." मग चित्र हललं, चपलांचा आवाज आला, त्याचा श्वास आला. ती नांगरलेल्या रानात उतरली होती. "आता बघ. मातीत. मातीत नाय लंगडत. एकदम नीट चालती. म्हंजी हाड नाय. हाड असतं तर मातीत बी लंगडली असती."

खोलीच्या कोपऱ्यात ती झोपलेली होती. पहिल्याच शब्दाला तिचे कान उभे राहिले. ती उठली, लंगडत माझ्यापाशी आली, फोन हुंगला. माझ्या पाठीमागे डोकावून पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, तिथून न्हाणीघरात, तिथून गॅलरीत. प्रत्येक खोलीतून तो तीन टकांचा आणि चौथ्या रिकाम्या जागेचा आवाज येत होता. शेवटी ती बाहेरच्या दारापाशी गेली आणि खालच्या फटीला नाक लावून उभी राहिली. मी हाक मारली, बायकोनं दूध दिलं. ती संध्याकाळपर्यंत हलली नाही.

पुढचे दोन व्हिडिओ मी कानात इअरफोन घालून पाहिले. दुसऱ्यात ती खडीवरून चालत होती आणि लंगडणं जास्त होतं. तिसऱ्यात दादाचा हात तिच्या पंजावर होता. "वरून दाबलं तर काय नाय करत," तो सांगत होता. "पर बोट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की वढून घेती. बघ." आणि जरा थांबून, "तुला कामं असत्याल. पर बघ."

चौथा उघडलाच नाही. बाणावर दाबलं की पाटी यायची, ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

ती पाटी मी पाच-सहा वेळा वाचली असेल.

गोळ्या संपल्या, फरक पडला नाही. कुणीतरी शहराबाहेरचा एक दवाखाना सुचवला, तिथं बैल, म्हशी, शेळ्या येतात. डॉक्टर अनुभवी, हाताला गुण असलेले. मी तिला घेऊन गेलो. दवाखान्यापुढं मोठं अंगण होतं, भुसभुशीत मातीचं, वर शेणाचा आणि कडब्याचा थर. डॉक्टर एका बैलाचा खूर बघत होते. तिथूनच म्हणाले, "चालवून दाखवा."

मी चालवली. ती नीट चालली.

"कुठं लंगडते?" ते म्हणाले. "मला तर काही दिसत नाही."

"घरी फरशीवर लंगडते."

"फरशीवर घसरत असेल हो. आणि लाडावलेलं जनावर असतं, आपण बघतोय म्हटलं की करतं नाटक."

माझा फोन वरच्या खिशात होता. तो काढून पहिला व्हिडिओ लावला असता तर काम होतं. पण भोवती शेळ्या धरून पाच-सहा माणसं उभी होती, आणि त्यांच्यात दादाचा आवाज मोकळा सोडायला मला जमेना. तिनं पुन्हा कान उभे केले असते आणि त्या माणसांमध्ये त्याला शोधत फिरली असती. मी बरं म्हणालो आणि परत आलो. त्या दिवशी मी गप्प बसलो त्याचे आणखी पाच आठवडे तिनं सोसले.

त्या पाच आठवड्यांत तिनं बाहेर जाणं जवळजवळ सोडलं. दार उघडलं तरी उंबऱ्यापाशी थांबायची, पुढच्या सिमेंटकडे बघायची आणि मागे फिरायची. अंग आणखी वाळलं. माझं म्हणाल तर, कंपनीत बेअरिंगच्या कड्या तपासायचं माझं काम. बोट फिरवून खाच शोधायची, भिंगाखाली धरायची. दिवसभर ते करताना मध्येच कानाशी "बघ" असं यायचं. अगदी साधं, हाक मारल्यासारखं. मान वळायची. मागे कन्व्हेयरचा पट्टा चाललेला असायचा. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी काही नाही म्हणालो.

एक दिवस घरी आलो तर बायकोनं कपाटातल्या जुन्या गोधड्या काढून तिच्या अंथरुणापासून दारापर्यंत ओळीनं पसरल्या होत्या. कुत्री एका गोधडीवरून दुसरीवर पाय टाकत आली. आवाज नव्हता आणि लंगडणंही नव्हतं.

"बघितलंत का?" बायको म्हणाली. "मऊ असलं की नीट चालते. पायाच्या खालीच काहीतरी आहे. डॉक्टर बदला."

तिला मी व्हिडिओ दाखवले नव्हते. ते मी त्या संध्याकाळी दाखवले. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. तिनं तीनही बघितले आणि मला विचारलं, "हे कधी आले होते?" मी तारखा दाखवल्या. ती उठून आत गेली. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

जालना रोडच्या बाजूला एक तरुण डॉक्टरबाई फक्त कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतात. दिवाळी झाल्यावर तिथं गेलो. त्यांनी आधी तिला फरशीच्या बोळातून दोनदा चालवलं. मग विचारलं, "आणि मऊ जमिनीवर?"

मी फोन काढला. या वेळी आवाज बंद केला नाही. पहिला व्हिडिओ लागला आणि दादा बोलायला लागला. ती पायाशी बसली होती, उठली आणि दाराकडे गेली. डॉक्टरबाईंनी पहिला पूर्ण पाहिला, तिसरा मागे नेऊन दोनदा पाहिला.

"हे बोलतायत कोण?"

"माझा भाऊ."

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन या ना. इतकं नीट कुणी सांगत नाही. कुठं लंगडते, कुठं नाही, कसं दाबलं की दुखतं, सगळं आहे यात."

"तो नाही आता," मी म्हणालो.

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. दारापाशी जाऊन तिच्याजवळ खाली फरशीवर बसल्या आणि तिनं फटीवरून नाक काढेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग तिथंच बसून त्यांनी ओल्या कापसानं पंजा पुसला आणि विजेरी मागितली.

"इकडे या. हे बघा."

मधल्या दोन बोटांपैकी बाहेरच्या बोटाच्या गादीवर, बरोबर मध्यभागी, मसुरीच्या डाळीएवढा एक फिकट गोल होता. कोरडं असताना तो काळ्या कातडीत मिसळून जायचा. ओलं केल्यावर कड उठून दिसली. त्यांनी बोट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं मात्र, तिनं पाय हिसकून घेतला आणि एकदाच बारीक ओरडली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"कुरूप आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या तळपायाला होतं तसंच. या जातीला होतं, बाकी कुत्र्यांना क्वचित. का होतं ते नक्की कुणी सांगत नाही. पण आत खिळ्यासारखं रुतत जातं. कडक जमिनीवर प्रत्येक पावलाला तो खिळा आत जातो. मातीत पाय बुडतो, म्हणून दुखत नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं, स्वतः आज पहिल्यांदा बघतेय."

मी विचारलं, औषधाच्या दुकानात माणसांसाठी कुरुपाची पट्टी मिळते, ती लावली तर? त्यांनी मान हलवली. "त्यात कातडी जाळणारं औषध असतं. ही चाटणार. पोटात जाईल. तसलं काही करू नका." मग त्यांनी एक विचारलं. सुरुवातीला तिथं काटा घुसला होता का, जखम होती का? आत काही राहिलं असेल तर उपाय वेगळा करावा लागला असता.

"चौथा एक व्हिडिओ आहे," मी म्हणालो. "तो माझ्याकडे उघडत नाही."

"भावाच्या फोनमध्ये असेल की."

दादाचा फोन वहिनींनी लोखंडी कपाटात, त्याच्या धुतलेल्या कपड्यांखाली ठेवला होता. त्या दिवसापासून तो बंद होता. मी रविवारी गेलो, चार्जिंगला लावला. बराच वेळ काळा पडदा तसाच राहिला, मग उजेड आला. रिचार्ज केव्हाच संपलं होतं, म्हणून मी माझ्या मोबाइलवरून नेट दिलं. त्याबरोबर तो वाजायला लागला. चार महिन्यांचे मेसेज एकामागून एक उतरत होते. गावाच्या ग्रुपवर त्याचाच फोटो होता, खाली दिवा, आणि त्याखाली ओळीनं शंभर जणांची भावपूर्ण श्रद्धांजली. ते सगळं त्याच्या फोनवर आता येत होतं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. वाजणं थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच थांबलो.

"कोणता पाठवू?" त्यांनी विचारलं. मी दाखवला. त्यांनी अंगठ्यानं दाबला.

माझ्या खिशातला फोन थरथरला. काढून पाहिला. पडद्यावर "दादा" असं नाव होतं, बाजूला त्याचा टोपीतला लहान फोटो. वहिनी माझ्यासमोर उभ्या होत्या, त्यांनीच पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ते नाव बघून फोन कानाला लावायला माझा हात वर गेला.

व्हिडिओ विहिरीवरचा होता. पाण्याची बादली, ओला पंजा आणि नखात काळी माती असलेला त्याचा अंगठा. "ह्ये बघ. पांढरं, गोल. वलं केलं की दिसतं. काटा नाय, जखम बी नव्हती, आपोआप झालंय. गावात म्हणतेत बिब्बा घाल. म्या नाय घालत. चाटंल आन् तोंड भाजून घेईल. तू डॉक्टरला येवढंच इचार, कुरूप माणसालाच होतं का जनावराला बी होतं?" मग आवाज हलका झाला, तिच्याशी बोलल्यासारखा. "झालं, झालं बाई. झालं." आणि चित्र संपलं.

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. त्या दिवशी मला त्यांना जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही.

सोमवारी डॉक्टरबाईंनी तो व्हिडिओ उभ्यानंच पाहिला. "म्हणजे यांनी निदान केलंच होतं," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात." त्यांना त्यात काही लागट म्हणायचं नव्हतं. त्यांना फक्त नवल वाटलं होतं.

त्यांनी तिला थोडी गुंगी दिली आणि बोथट धारेच्या बारीक चमच्यासारख्या हत्यारानं त्या गोलाची कड सैल करत करत, फळातली बी काढावी तसं ते कुरूप उचलून काढलं. रक्त आलं नाही. तासाभरानं ती उठली आणि दवाखान्याच्या फरशीवरून चालत माझ्याकडे आली. टक, टक, टक, टक.

"खूश होऊ नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे परत येतं."

आलं. सहा आठवड्यांनी ती पुन्हा पाय उचलायला लागली. पुन्हा काढलं, मऊ तळाचे कापडी बूट शिवून घातले. ते ती दातांनी काढायची. जानेवारीच्या शेवटी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि कागदावर पंजा काढून दाखवला. बोट खाली वाकवणारी एक दोरीसारखी शीर असते. ती बोटामागे तोडली की बोटाचं टोक किंचित वर उचललं जातं, गादीवरचा भार कमी होतो आणि कुरूप आपोआप सुटून येतं. बोट राहतं तिथंच, फक्त जरा सपाट दिसतं.

"मी हे केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सरांनी केलंय, पुण्यात. सगळ्यांना गुण येतो असंही नाही. आणि या जातीच्या अंगात चरबी नसते, गुंगीचं औषध लवकर उतरत नाही, त्याची भीती वेगळी. विचार करून सांगा."

"करा," मी म्हणालो.

"विचार करा म्हटलं."

"केलाय."

सर फेब्रुवारीत घरच्यांना घेऊन वेरूळ बघायला येणार होते. लेणी बघून झाल्यावर रविवारची सकाळ त्यांनी आम्हाला दिली. आधी रक्त तपासलं. मी कागदावर सही केली. दारातून शेवटचं दिसलं ते टेबलावर आडवं पडलेलं तिचं लांब अंग आणि डॉक्टरबाईंचा हात, तिच्या कानामागे. मी बाहेरच्या बाकावर बसलो. बायको शेजारी होती. तिनं माझा हात धरला नाही, पण सरकून जवळ बसली.

आत चाळीस मिनिटं लागली. शुद्धीवर यायला तीन तास. त्या तीन तासांत डॉक्टरबाई दोनदा बाहेर येऊन फक्त "श्वास ठीक आहे" एवढं सांगून गेल्या. सर ठेंगणे, शांत गृहस्थ होते. जाताना म्हणाले, "महिनाभर पळू देऊ नका. रोज पंजा पुसा आणि बघत राहा."

रोज पुसला. मार्चमध्ये एका सकाळी ओल्या कपड्याबरोबर ते कुरूप सुटून माझ्या बोटांत आलं. ज्वारीच्या दाण्याएवढं, पिवळट, एका बाजूला टोकदार. गादीवर त्या जागी लहानशी खळी राहिली होती आणि खाली कातडी स्वच्छ होती. मी बोट दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली, पाय ओढला नाही.

गोधड्या उचलल्या. घरभर तिच्या चार पावलांचा आवाज येऊ लागला. मला वाटलं होतं, ही नीट चालायला लागली की दादाचा आवाजही थांबेल. तसं झालं नाही. तपासणीच्या टेबलावर अजून येतो. पूर्वी मी मान वळवायचो, आता वळवत नाही, एवढाच फरक.

पाडव्यानंतर तिला गावी नेलं. वहिनी अंगणात सुपात गहू निवडत बसल्या होत्या. ती त्यांच्यापाशी गेली, त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पंजा उलटा करून पाहिला, आणि "बरं केलं" म्हणाल्या. मग पुन्हा सूप घेतलं. मी समोर बसलो.

"वहिनी, एक सांगायचं होतं. ते व्हिडिओ मी तेव्हा उघडलेच नव्हते. तो होता तोवर एकही पाहिला नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. खडे वेचून बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, त्यानं बघतो म्हणलंय, म्हंजी झालंच समज. डॉक्टर हुडकत असंल. शहरात टाइम लागतो."

"कधी म्हणाला?"

"लई बारी. गेले त्या हप्त्यात बी."

अंगणात चिमण्या गव्हावर उतरत होत्या, वहिनी हातानं हाकलत होत्या.

"माफ करा," मी म्हणालो.

"मला काय माफी मागता, भावजी. मी का लंगडत व्हते व्हय?"

त्या उठल्या, आतून पाण्याचं भांडं आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. निघताना मी विचारलं, ती आता बरी आहे, इथं ठेवू का? त्यांनी विहिरीच्या बाजूला पाहिलं आणि नाही म्हणाल्या. तुमच्याकडंच ठिवा, पर अधनंमधनं आणा.

आता जून आहे. तिचं तोंड पांढरं होत चाललंय. गेल्या मंगळवारी सकाळी पंजे पुसताना डाव्या पायाच्या गादीवर मला एक ठिपका दिसला. ती अजून लंगडत नाही. ठिपका मोहरीएवढा आहे, पण कड तशीच आहे आणि चिमटीत धरलं की ती माझ्याकडे बघते. डॉक्टरबाईंना लगेच फोन लावला. त्या म्हणाल्या, गुरुवारी दहाला आणा, बारीक आहे तोवर काय करता येतं ते बघू.

कंपनीत रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी कारण विचारलं.

"घरात एकीचा पाय दाखवायचाय," मी म्हणालो, आणि त्यांनी सही केली.